सही धाकट्याची

मी तोंडाचा फटकळ. केडगावात वेबसाइट बनवायचं ऑफिस काढलं तेव्हाच बायको म्हणाली होती, "गिऱ्हाइकाशी तरी गोड बोला." तेवढं जमलं असतं तर माझा डावा हात आज सरळ असता.

तिसगावचे दोन भाऊ बोअरवेलचा धंदा करायचे. त्यांची वेबसाइट मी केली. कामाआधी मी करार करून घेतो: बदल फक्त सही करणाऱ्याच्या सांगण्यावरून, आणि सांगितल्यापासून तीन दिवसांत. बोलणी थोरल्यानेच केलेली, म्हणून कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने न वाचताच धाकट्याकडे सरकवला. "तू कर सही. शिकलेला तू." आमच्याकडे हे असंच चालतं, शब्द थोरल्याचा आणि सही शिकलेल्याची. दोघांच्याही सह्या घ्यायला काय धाड भरली होती मला!

वर्षभरात भावाभावांचं फाटलं. वाटणीत एकेक मशीन दोघांना गेलं. धाकटा माझ्याकडे आला, म्हणाला, "सर, साइटवरचा दादाचा नंबर काढा, माझा टाका." थोरल्याला एक फोन करावा असं मनात आलं होतं. केला नाही. कागदावर सही धाकट्याची होती, मी नंबर बदलला.

ऐन उन्हाळ्यात, बोअर घ्यायच्या दिवसांत, थोरल्याचा फोन वाजायचा बंद झाला. आठवड्याने भर दुपारी तो ऑफिसात शिरला. हातात चाक खोलायची टॉमी.

"माझा नंबर कुनी काढला?"

मी करार काढून त्याच्या तोंडासमोर नाचवला.

"तुमच्याम्होरंच सांगितलं हुतं ना त्याला, सही कर म्हनून? माझी मशीन उभी हाय! पोरांनी काय माती खायची?"

खरं बोलत होता तो. 'बसा, चहा घ्या' म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "कागद वाचायचा होता. अंगठेबहाद्दरांसाठी मी करार बदलत नसतो."

पहिला घाव कॉम्प्युटरवर बसला. मी खुर्ची उचलून त्याच्या कपाळात हाणली. तो रक्ताळला, पण पडला नाही. दुसरा घाव माझ्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. खालच्या गॅरेजमधली माणसं धावत वर आली, त्यांनी त्याला आडवा पाडला आणि लाथांनी तुडवला. मी भिंतीला टेकून ओरडत होतो, "अजून हाणा भडव्याला!"

पोलीस ठाण्यात धाकटा माझ्याआधी हजर. "सर, केस पक्की करा. मी हाय साक्षीला." माझा लोंबता हात बघून त्याला झालेला आनंद लपत नव्हता. मला तो दिसला. तरी मी तक्रार दिली, आणि अंगठेबहाद्दर म्हणालो तेवढं गाळलं. थोरल्याला आत टाकलं.

दोन दिवसांनी धाकट्याचा मेसेज आला, साइटवरच्या फोटोतून दादालाही काढा. एका बोअरला पाणी लागलं तेव्हाचा फोटो होता तो. दोघे भाऊ चिखलात माखून हसतायत, थोरल्याचा हात धाकट्याच्या खांद्यावर. करारात तीन दिवस होते. मी लगेच बसलो, एका हाताने. थोरला सहज निघाला, पण खांद्यावर त्याची बोटं राहिली. तीही मी एकेक करून पुसली, आणि पुसताना मला बरं वाटत होतं. त्याची लाज अजून जात नाही.