दशांशरावांची नदी

माणसाने आळशी असायला कुणाची हरकत नाही. पण दशांशरावांइतकं टापटीप आळशी असू नये. गबाळा आळशी माणूस आठ दिवसांत पकडला जातो. टापटीप आळशी माणसाला प्रशस्तिपत्रक मिळतं. दशांशरावांना ते मिळालं होतं, चौकटीसकट, आणि त्यांनी ते आपल्या खुर्चीच्या बरोबर मागे टांगलं होतं, म्हणजे समोर बसणाऱ्याची सुटका नाही.

त्यांचं खरं नाव अर्थात वेगळं होतं. पण नदीखात्यात सगळे त्यांना दशांशरावच म्हणत, कारण या गृहस्थांनी जन्मात कधी पूर्ण आकडा लिहिला नाही. पाणी एकोणतीस अंश आहे, असं ते म्हणायचेच नाहीत. एकोणतीस पूर्णांक तीन. घरी किती वाजले विचारलं तरी सव्वानऊ नाही, नऊ वाजून सतरा. बायको म्हणायची, "मिनिटं मोजतात, आणि वेळेवर एका ठिकाणी पोचतील तर शपथ."

काम तसं सोपं होतं. नदीच्या वरच्या अंगाला अणुवीज प्रकल्प होता. तो नदीचं पाणी आत घ्यायचा, आपली यंत्रं थंड करायचा आणि तेच पाणी तापलेलं परत नदीत सोडायचा. त्या पाण्यात विषबिष काही नव्हतं, नुसती ऊब होती. पण माशांना मारायला तेवढी पुरते. म्हणून नियम असा होता की प्रकल्पाच्या खाली, पुलापाशी, पाणी बत्तीस अंशांच्या वर गेलं की प्रकल्पाने वीज कमी करायची. ते गेलं की नाही, हे रोज सकाळी आठला आणि दुपारी तीनला तापमापक पाण्यात धरून बघायचं, वहीत लिहायचं आणि मुख्य कचेरीला कळवायचं. यासाठी सरकारने दशांशरावांना नेमलं होतं, चौकी बांधून दिली होती, रबरी बूट दिले होते.

चौकी टेकाडावर होती आणि नदी खाली. मध्ये एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्या. पहिली दोन वर्षं दशांशराव इमानेइतबारे उतरले. तापमापक कमरेएवढ्या पाण्यात तीन मिनिटं धरायचा, बाहेर न काढता वाचायचा, हे सगळं त्यांनी केलं. तिसऱ्या वर्षी पाय मुरगळला. आठ दिवस उतरता येईना. रजा टाकली तर बदली माणूस येणार, तो वही चाळणार, कपाट उघडणार. म्हणून त्यांनी खुर्चीत बसून अंदाजाने आकडे लिहिले. आठ दिवसांनी पाय बरा झाला. आभाळ काही कोसळलं नव्हतं. दशांशराव खिडकीशी उभे राहिले, पायऱ्यांकडे बघितलं, आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसले. ते पुढची एकोणीस वर्षं बसले.

आता खोटं लिहायचं म्हणजे कुणीही उठून लिहील, असं वाटत असेल तर तो गैरसमज आहे. दशांशरावांनी त्यात जीव ओतला. चौकीच्या भिंतीवर हवेचा तापमापक होता, त्यावरून ते पाण्याचा हिशेब काढत. पाऊस झाला की आकडा एक पूर्णांक दोनने खाली आणत. सलग दोन दिवस एकच आकडा कधी नाही. महिन्यातून एकदा मुद्दाम खाडाखोड करून बाजूला सही, म्हणजे वही जिवंत वाटावी. रोज सकाळी चहा घेत ते दोन्ही वेळच्या नोंदी एकदमच उरकत, पेन मात्र दोन वेगवेगळी वापरत. एवढी अक्कल खरं काम करायला वापरली असती तर या माणसाचं सोनं झालं असतं. पण पायऱ्या उतरायला अक्कल लागत नाही, गुडघे लागतात, आणि ते त्यांना जपायचे होते.

तपासणी व्हायची. का नाही व्हायची? वर्षातून एकदा मुख्य कचेरीतून साहेब येत. रकाने भरले आहेत का, शाई निळी आहे का, पानांवर क्रमांक आहेत का, हे बारकाईने बघत. जेवत. खिडकीतून नदी बघून "छान जागा आहे हो" म्हणत आणि सही करून जात. पाण्यात बोट बुडवायचं एकालाही सुचलं नाही. त्यांनाही गुडघे होतेच.

यात खरी मेख पुढे बसली. आठ वर्षांपूर्वी प्रकल्पाने तिसरी अणुभट्टी सुरू केली. गरम पाणी दीडपट झालं, नदी खरोखर तापली. पण दशांशरावांच्या वहीत प्रकल्प नव्हताच, तिथे फक्त चौकीच्या भिंतीवरची हवा होती. त्यामुळे वहीतली नदी होती तशीच थंड राहिली. तज्ज्ञांची समिती बसली, तिने अकरा वर्षांची वही तपासली आणि नव्या भट्टीचा नदीवर काही परिणाम नाही, असा जाड अहवाल दिला. प्रशस्तिपत्रक मिळालं ते तेव्हा. त्यावर 'अचूकता' हा शब्द होता.

त्यानंतर चार वर्षांनी पुलाखाली आपोआप मोजणारं यंत्र बसलं. पहिल्याच दिवशी यंत्र आणि वही यांच्यात दोन पूर्णांक आठ अंशांचा फरक पडला. आता सुटत नाही आपण, असं दशांशरावांना वाटलं. पण यंत्र बसवायला आलेल्या इंजिनिअरने वही चाळली, मान डोलावली आणि म्हणाला, "काका, पंधरा वर्षांचा रेकॉर्ड एकीकडे आणि काल बसवलेलं मशीन एकीकडे. मशीनच चुकतंय." त्याने यंत्रात दुरुस्ती घातली, प्रत्येक आकड्यातून दोन पूर्णांक आठ वजा. म्हणजे आता खोटं बोलायला दशांशराव एकटे नव्हते, दिवसरात्र जागं राहणारं यंत्रही जोडीला आलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी घरी पेढ्यांचा पुडा नेला नाही एवढंच.

आता त्यांच्या धाकट्या बहिणीबद्दल. डबाबंद फळांच्या कारखान्यात नोकरी करून ती कंटाळली होती. सहा वर्षांपूर्वी तिने ती सोडली आणि नदीत मासे पाळायचं ठरवलं. तरंगत्या पिंपांना जाळी बांधून केलेले मोठे पिंजरे असतात, ते पाण्यात सोडायचे आणि आत मासे वाढवायचे. जागा तिने पुलाखालच्या वळणावर बघितली होती. पण ती विचार न करता उडी मारणारी नव्हती. ती चौकीत आली आणि म्हणाली, "दादा, तुझ्याशिवाय कुणाला विचारू? तिथलं पाणी उन्हाळ्यात फार तापतं का?"

दशांशरावांनी वही उघडली. पाच उन्हाळे तिच्यासमोर ठेवले. "हे बघ. एकतीसच्या वर एकदाही नाही."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि तिने अकरा पिंजरे टाकले.

त्या क्षणी तरी त्यांची जीभ अडखळली असेल, असं मानायला आपल्याला आवडलं असतं. नाही अडखळली. तेरा वर्षं एखादी गोष्ट रोज लिहिली की ती लिहिणाऱ्यालाही खरी वाटू लागते, असं म्हणून त्यांची बाजू घेता येईल. पण मग ते उन्हाळ्यात स्वतःचे पाय गार करायला पुलाच्या वरच्या बाजूच्या ओढ्यावर का जात, याचं उत्तर द्यावं लागेल.

पाच उन्हाळे मासे कसेबसे तगले. सहाव्या उन्हाळ्यात पाऊस लांबला, नदी आटली, आणि कमी पाण्यात प्रकल्पाची ऊब तेवढीच पडत राहिली. एका सकाळी बहीण धापा टाकत पायऱ्या चढून आली.

"दादा, मासे वर येऊन तोंडं उघडतायत. पाणी किती आहे आज?"

"तीस पूर्णांक चार," दशांशराव म्हणाले. जागचे हललेही नाहीत.

"हाताला तर गरम लागतंय रे."

"उन्हाळा आहे. हाताला काय कळतं?"

बहिणीने मान डोलावली. दादा म्हणतोय म्हणजे पाणी ठीक आहे, मग माशांना रोगच असणार. तिने औषध आणलं. तीन दिवस ती पिंजऱ्यांच्या फळ्यांवर बसून औषध मोजून सोडत राहिली, आणि मासे मरत राहिले. तिसऱ्या दिवशी दशांशरावांनी खिडकीतून तिला ओंजळीने मासे बाहेर काढताना बघितलं. मग त्यांनी कपाटातून रबरी बूट बाहेर काढले. आत पालीची अंडी होती. ती झटकली आणि ते एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्या उतरले. कमरेएवढ्या पाण्यात तीन मिनिटं उभे राहिले. चौतीस पूर्णांक सहा.

इथे जरा थांबू, कारण या माणसाची खरी लायकी इथे दिसते. पिंजरे तरंगते होते. बोटीला बांधून प्रकल्पाच्या वर, गार पाण्यात न्यायला एक दिवस पुरला असता. अजून सात पिंजरे जिवंत होते. बहीण पन्नास पावलांवर होती. तिला हाक मारून एवढंच म्हणायचं होतं, "पाणी चौतीस आहे, पिंजरे हलव." पण मग ती विचारणार होती, कालचं तीस कसं रे झालं? त्या एका प्रश्नाला भिऊन दशांशराव ओल्या बुटांनी पायऱ्या चढले आणि मुख्य कचेरीला तातडीचा संदेश पाठवून बसले. प्रकल्प वीज कमी करेल, पाणी उतरेल, मासे वाचतील, आणि वहीला धक्का लागणार नाही. सगळं व्यवस्थित, टापटीप.

कचेरीतल्या एका बाईंचा फोन आला. "अहो, काल तुमचेच तीस पूर्णांक सहा आहेत. मशीन एकतीस पूर्णांक आठ दाखवतंय. एका रात्रीत चार अंश चढतात का कुठे? तुमचा तापमापक बिघडलाय. तपासणीला पाठवा."

"बाई, बिघडलेला नाहीये तो."

"इतक्या वर्षांत कधी असं झालंय का तुमच्याकडे?"

"नाही," दशांशराव म्हणाले. ते म्हणणं भागच होतं.

तापमापक तपासणीला गेला. आठ दिवसांनी 'निर्दोष' असा दाखला घेऊन परत आला. तोवर अकराही पिंजरे रिकामे झाले होते आणि वळणावरच्या वासाने पुलावरून जाणारे नाक दाबून जात होते.

बहिणीने तक्रार केली, म्हणून चौकशी लागली. मुख्य कचेरीच्या सभागृहात पाच जणांची समिती, समोर पाण्याच्या बाटल्या. बहीण मागच्या ओळीत बसली होती. अध्यक्षांनी वही हातात घेऊन तिला समजावून सांगितलं, की बाई, नदी तापलीच नव्हती, ही वही बघा, तुमच्याच भावाची आहे, अशी शिस्तीची नोंद आमच्या खात्यात दुसरी नाही. बहिणीने मान खाली घातली. म्हणजे मीच औषध जास्त घातलं असेल, असं ती शेजारच्या बाईला हळूच म्हणाली.

ते दशांशरावांच्या कानावर गेलं. ते उभे राहिले.

"ती वही खोटी आहे," ते म्हणाले. "मी एकोणीस वर्षं नदीवर गेलोच नाही. खुर्चीत बसून लिहिलीय."

सभागृहात कुणीतरी खोकलं. अध्यक्षांनी चष्मा काढला. "जवळजवळ चौदा हजार नोंदी आहेत या. आम्हाला एक चूक सापडली नाही."

"खोट्या आहेत, म्हणूनच सापडली नाही."

पाचही जणांनी एकमेकांकडे बघितलं. वही खोटी, तर भट्टीचा अहवाल खोटा. यंत्रातली दुरुस्ती खोटी. साहेबांच्या एकोणीस सह्या खोट्या, आणि त्यातल्या तीन खुद्द अध्यक्षांच्या. एवढं सगळं खोटं असणं त्या सभागृहाला झेपणारं नव्हतं. अध्यक्षांनी चष्मा पुन्हा चढवला आणि टंकलेखकाला सावकाश सांगितलं, "लिहा. सदर कर्मचाऱ्याने बहिणीच्या नुकसानीमुळे भावनेच्या भरात विधान केले. ते ग्राह्य धरता येत नाही. नोंदवही विश्वसनीय आहे." मग दशांशरावांकडे वळून, अगदी आपुलकीने, "बसा हो. पाणी प्या. होतं असं."

दशांशराव बसले. जन्मात एकदा खरं बोलले, आणि पाच शहाण्यांनी ते पुसून टाकलं. नोकरी शाबूत, वही शाबूत, प्रशस्तिपत्रक शाबूत. त्यांना, खरं सांगायचं तर, थोडं हलकंही वाटलं असेल. आपण सांगायचं ते सांगितलं, आता त्यांनी मानलं नाही त्याला आपण काय करणार?

पण त्या सभागृहात एक जण असं होतं ज्याने त्यांचा शब्द न् शब्द मानला होता. बहीण उठून पुढे आली. ती रडत नव्हती.

"मी जागा विचारायला आले होते," ती म्हणाली, "तेव्हा माहीत होतं तुला?"

दशांशरावांनी समितीकडे बघितलं. समिती कागद आवरत होती.

"हो," ते म्हणाले.

बहिणीने खांद्यावरची पिशवी नीट केली.

"वहिनीला सांग," ती म्हणाली, "मी आता घरी येणार नाही."