दाराबाहेरचं खोकं

माणूस किती बावळट असू शकतो, याचा पुरावा हवा असेल तर मी हजर आहे. २००१ची दिवाळी जवळ आली होती. विमानं इमारतींवर आदळून जेमतेम महिना झालेला. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावातले आम्ही सगळे देशी मान खाली घालून ऑफिसला जात होतो. बायकोला सातवा महिना, व्हिसा कंपनीच्या हातात. "उगाच कुठे कडमडू नकोस," ती रोज बजावायची.

पण मला नाद लागला होता. सीडीच्या दुकानात 'अमेरिकाना' अशी पट्टी लावलेला एक खण होता. त्यातल्या सीडींवर फिडल, म्हणजे त्यांचं व्हायोलिन, बँजो, मध्येच चर्चमधली भजनं. गावाबाहेरच्या हार्डवेअरच्या दुकानात शनिवारी दुपारी म्हातारे जमून हेच वाजवतात असं कळलं, आणि मी हार्मोनियम गाडीत टाकून निघालो.

न बोलावता दुसऱ्याच्या बैठकीत वाद्य घेऊन घुसायचं नाही, ही आमच्या गुरुजींची शिस्त. म्हणून दाराबाहेर बूट काढले, शेजारी हार्मोनियमचं काळं खोकं ठेवलं आणि नुसत्या मोज्यांवर आत जाऊन मागे उभा राहिलो.

पाच मिनिटांत एक बाई ओरडतच आली. दारात बेवारस खोकं आहे, शेजारी बूट आहेत, माणूस नाही! वाजवणं थांबलं. सगळ्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांकडे.

"माझं आहे," मी घाईत मराठीतच बोलून गेलो. दुकानाच्या मालकाने फोन उचलला. मेलो! पोलीस, चौकशी, व्हिसा कॅन्सल, आणि बायको पोट सांभाळत विमानात. "म्युझिक, म्युझिक," असं पुटपुटत कसाबसा बाहेर आलो.

"तूच उघड. हळू," मालक लांबून म्हणाला. कडी निघेना. मी ती इतका वेळ खुडबुडत होतो की हा खरंच काहीतरी लपवतोय असं कोणालाही वाटलं असतं.

तेवढ्यात बँजोवाला म्हातारा, तिथला एकटाच काळा माणूस, उठून आला आणि सरळ माझ्याशेजारी जमिनीवर बसला. त्यानेच कडी काढली. भाता पाहून हसला. त्याच्या आजीच्या चर्चमध्ये असाच, पण पायाने दाबायचा ऑर्गन होता म्हणे. मालकाने फोन खाली ठेवला.

मग म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "हा बँजो आमच्या लोकांबरोबर आफ्रिकेतून आला. आता सगळेच आपला म्हणतात. पण नाचाला वाजवून घरी येताना माझे आजोबा तो पोत्यात लपवायचे. रस्त्यात गोऱ्यांनी अडवलं तर पोत्यात काय आहे ते सांगू देतीलच, असं नव्हतं."

मी वाजवलं त्या दुपारी. फिडलवाल्याने माझा सूर धरला, मालकाने कॉफी दिली, सगळ्यांनी हात मिळवले. मी गाडीत बसलो तेव्हा म्हातारा काचेशी आला.

"हायवेपर्यंत तुझ्या मागे येतो," म्हणाला.

आरशात त्याची गाडी दिसेपर्यंत मी थांबलो, मग निघालो.