घरचीच मुलं

"फ्रॉक काढ. आधी फ्रॉक काढ, मग पाणी पी."

बाईसाहेब गोठ्याच्या दारात उभ्या. हातात काठी. मी आत, गाईच्या आडोशाला. वय अकरा. दातांत अजून शिकरणातलं केळं. अर्ध्या तासापूर्वी ह्याच बाईंना मी ‘काकू’ म्हणत होते आणि त्या ‘ओ’ देत होत्या.

मी फ्रॉक काढला, माझा परकर-पोलका चढवला. पिवळा फ्रॉक, गळ्याला पांढरी लेस. त्यांच्या मुलीचा. बाईसाहेबांनी तो काठीच्या टोकावर उचलला, मेलेला उंदीर उचलतात तसा. ओसरीवर त्यांची मुलगी रडत होती.

"आई, माझा फ्रॉक बाटला."

"रडू नको. सुलतान बाजारातून नवा आणू."

एवढंच. मारलं नाही कुणी. शिवीही नाही.

आता तुम्ही विचाराल, वकिलाच्या मुलीचा फ्रॉक माझ्या अंगात आला कसा? सांगते. सांगणं एवढंच मला धड येतं. आमच्यात बारसं असो, लग्न असो, जेवणं झाली की पोरं माझ्याभोवती गोळा होतात. "आत्या, हळदीची गोष्ट." मी हातवारे करून सांगते, पोरं लोळून हसतात. तीस वर्षं सांगतेय. पण अर्धीच. हळदीपर्यंत आले की थांबते. गोठ्यात कधी कुणाला नेलं नाही.

वकीलसाहेब हैदराबादचे. घर सुलतान बाजारात, पिढ्यान्‌पिढ्या काळा कोट. शेत शहरापासून बसनं तीन तासांवर, तिथंही ओसरी-गोठ्याचं घर. माझे आईबाप नांदेडकडून मजुरीला आले ते त्यांच्याच बांधावर राहिले. शेतात कपाशी, पण कापसासाठी नाही, बियाण्यासाठी. ह्या कामाला आम्ही ‘क्रासिंग’ म्हणायचो. दुपारी उद्या फुलणारी कळी सोलायची, आतला पिवळा केसर नखानं खरवडून काढायचा, वर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून दुसऱ्या जातीचं फूल त्यावर घासायचं. एकेका पोरीनं दिवसाला शेकड्यांनी कळ्या. औषध फवारलेल्या झाडात, उघड्या हातांनी.

पोरीच का? झाडं पोरींच्या उंचीची. बायांना वाकावं लागतं, पोरींना नाही. बोटं बारीक. आणि पोरी उलटून बोलत नाहीत. मुकादम म्हणायचा, "देवानं ही बोटं ह्याच कामाला केलीत." देवाला दुसरं काम नसावं.

एकदा कळलं, तपासणी येणार. आदल्या दिवशी वकीलसाहेब स्वतः बायको-मुलीला घेऊन गाडीतनं आले. आम्हा पोरींना रांगेत उभं केलं. त्यातल्या उजळ तीन निवडल्या. चौथी मी. उजळ नव्हते, पण जीभ कातरीसारखी चालायची. बाकीच्या पोरींना दुसऱ्या दिवशी टेकडीमागं पिटाळायचं ठरलं.

"कायदा काय सांगतो?" वकीलसाहेबांनी वर्गात विचारावं तसं विचारलं. आम्हाला कायदा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. "कायदा सांगतो, लहान मुलांना कामाला ठेवू नका. पण घरच्या मुलांनी शाळा सुटल्यावर घरच्या कामाला हात लावला, तर कायदा काही बोलत नाही. मग उद्या तुम्ही कोण?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"घरची मुलं. आणि मी कोण?"

"मालक," माझ्या शेजारची म्हणाली. मुकादमानं तिच्या डोक्यात टपली मारली.

"मी काका," वकीलसाहेब म्हणाले. "म्हणा."

आम्ही म्हणालो. पाच वेळा.

दुसऱ्या दिवशी आंघोळ, तेल, वेण्या, फ्रॉक. ओसरीवर पाट. ताटात पोळ्या आणि शिकरण. ज्या ओसरीची पायरी चढायची मुभा नव्हती, तिच्यावर मी मांडी घालून बसले. खोटं कशाला बोलू? मला फार आवडलं. मला वाटलं, बघा, काका कसे आहेत.

जीपमधून एक बारीक चणीच्या अधिकारी बाई उतरल्या. वह्या बघितल्या, शेत बघितलं. मग माझ्यापाशी उकिडव्या बसल्या आणि माझा हात हातात घेतला.

"बेटा, बोटं पिवळी का गं तुझी?"

वकीलसाहेबांनी हे शिकवलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. मुकादम आभाळाकडे बघू लागला. आणि मी, अकरा वर्षांची शहाणी, म्हणाले,

"काल घरी हळदीकुंकू होतं. काकूनं हळद कालवायला लावली."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "शाळेत जातेस?"

"जाते."

त्यांनी हात सोडला. काहीतरी लिहिलं. वकीलसाहेबांनी खाली सही केली. त्याच दुपारी अधिकारी बाईंनी शेजारच्या शेतातल्या दोन पोरींना जीपमध्ये घालून नेलं, वसतिगृहाच्या शाळेत टाकलं. त्यातली एक आज दवाखान्यात नर्स आहे. मी सुलतान बाजारात साड्यांना फॉल-पिको करते. बोटं अजून चपळ आहेत. मालकांचे उपकार.

जीपची धूळ खाली बसली नव्हती. मी ताट पुढं केलं.

"काका, अजून एक पोळी."

वकीलसाहेब हसले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अगं ए! साहेब गेल्या! नाटक संपलं!"

मुकादम हसला. बाईसाहेब हसल्या. अंगणात बैल धरून माझा बाप उभा होता. तोही हसला. त्याला हसावं लागलं, हे आज कळतं. त्या दिवशी एवढंच दिसलं की बापही हसतोय.

मग गोठा. मग काठी.

फ्रॉक जाळला नाही त्यांनी. चांगला कपडा, वाया कशाला घालवायचा? मुकादमानं तो बुजगावण्याला चढवला. नेमका माझ्या ओळींसमोर. पुढचा सगळा हंगाम मी कळ्या सोलत होते आणि समोर पिवळ्या फ्रॉकातली, मडक्याच्या डोक्याची मी हात पसरून उभी होते. पोरी मला विचारायच्या, "काय गं, काकांची पुतणी, उन्हात का उभी?"

हा भाग मी लग्नात सांगत नसे. जेवण झाल्यावर कोण ऐकतं असलं?

ह्या वर्षी हंगाम सुरू झाला आणि गावाकडून भावाचा फोन आला. मी हैदराबादेत, गौलीगुड्यातल्या खोलीत भाजी निवडत होते.

"अक्का, सोनी क्रासिंगला जातेय. दिवाळीपर्यंत."

सोनी त्याची मुलगी. अकरा वर्षांची. माझ्या कडेवर वाढलेली.

"आणि शाळा?"

"शाळा कुठं पळून जातेय?"

"कुणाच्या शेतात?"

"आता वकीलसाहेबांचा मुलगा बघतो सगळं. चांगला माणूस आहे, अक्का."

दुसऱ्या दिवशी मशीन बंद ठेवलं आणि कामगार खात्याच्या कार्यालयात गेले. तिथला तरुण अधिकारी तेलुगू. मराठी मोडकंतोडकं, पण माणूस सरळ.

"अम्मा, आम्ही जातो. मालक म्हणतो, घरची मुलं. गावात एक माणूस तोंड उघडत नाही. फाईल बंद. साक्ष कोण देणार?"

"मी."

"तुम्ही कोण?"

"घरचीच," मी म्हणाले. त्याला काही समजलं नाही.

जीपमध्ये मी मागं बसले. तीस वर्षांनी का होईना, त्या जीपमध्ये बसले. ह्यावर मला हसू आलं, आणि मग आलेलं हसू परत गेलं.

ओसरी तीच, फरशी नवी. खबर आधीच पोचली होती. चार पोरी रांगेत बसलेल्या. आता फ्रॉक नाहीत, टी-शर्ट. समोर ताटं. कोपऱ्यात आरामखुर्चीत वकीलसाहेब, वय झालेले, कानात ऐकायचं मशीन. त्यांचा मुलगा पुढं आला, हात जोडून.

"या साहेब. ही आमच्या घरचीच मुलं. शाळा सुटली की येतात बागडायला."

अधिकाऱ्यानं सोनीचा हात हातात घेतला. "बोटं पिवळी कशी?"

"काल घरी हळदीकुंकू होतं," सोनी म्हणाली. "काकूनं हळद कालवायला लावली."

आणि तिनं जीपशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. हसली. आत्या, कशी सांगितली तुझी गोष्ट?

वकीलसाहेबांनी मला एक दिवस शिकवलं होतं. मी त्यांच्या बाजूनं तीस वर्षं शिकवत राहिले. बिनपगारी. हावभावांसकट. आमच्या घरातली प्रत्येक पोर काय बोलायचं ते पाठ करून बसली होती, आणि शिकवणारी मी. मी त्याला विनोद म्हणत होते.

मी पायरी चढले. मुलगा म्हणाला, "बाई, खालीच थांबा." मी थांबले नाही.

"सोनी, गोष्ट अर्धी आहे गं. पुढची ऐक."

आणि सांगितली. हातवारे न करता. पोळी, हसणं, गोठा, काठी, फ्रॉक, बुजगावणं. अधिकारी लिहीत होता. पोरींनी जेवण थांबवलं. सोनीचं तोंड उघडं राहिलं.

वकीलसाहेबांनी कानातलं मशीन चाचपलं. "कोण ही?"

"तुमची पुतणी," मी म्हणाले. "काका, अजून एक पोळी."

ह्या वेळी कुणी हसलं नाही.

मुलगा अधिकाऱ्याकडे वळला. "साहेब, डोकं फिरलंय बाईचं. ही मुलं घरची आहेत, सांगितलं ना."

"मग हिच्या आईचं नाव काय?" मी विचारलं. "सांगा. घरची पोर ना? आईचं नाव? शाळेचं? यत्ता?"

त्यानं मुकादमाकडे बघितलं. मुकादमानं आभाळाकडे. आभाळालाही ठाऊक नव्हतं.

सोनीनं ताट सरकवलं. दोन्ही हात अधिकाऱ्यापुढं धरले.

"हळद नाही साहेब. क्रासिंग. टेकडीमागं अजून पोरी आहेत."

वकीलसाहेब हळूच म्हणाले, "तुला त्या दिवशी पोटभर जेवायला घातलं होतं, पोरी. घरातलं घरात मिटवू."

तीस वर्षांनी मी पुन्हा घरातली झाले होते.

टेकडीमागून पाच निघाल्या. सगळ्यांचे जबाब झाले. माझा शेवटी. सोनी आता माझ्याजवळ आहे, अफझलगंजच्या शाळेत जाते, गणितात काठावर आहे. भाऊ अजून त्यांच्याच बांधावर राहायचा, त्याला मालकानं उठवलं. तो म्हणतो, "अक्का, तुझ्या गोष्टीनं माझं घर गेलं." खरं आहे. त्याच्यासाठी खोली शोधतेय. त्याची माफी मागितली. साक्ष मागं घेतलेली नाही.

परवा दुकानात एक बाई आल्या. गोरट्या, माझ्याच वयाच्या. आधी ओळखलं नाही, मग लेस आठवली. फ्रॉकवाल्या. त्यांनी पिशवीतून साडी काढून काउंटरवर ठेवली. पिवळी.

"तुझ्यासाठी आणलीय. बाबा थकलेत गं. लहानपणचं कशाला धरून बसायचं?"

"फॉल लावायचाय का?" मी विचारलं. "पावती करते. शनिवारी न्या."

त्या साडी घेऊन गेल्या.

आता कोर्टात तारीख लागेल. लांबेल. वकिलाचं घर आहे, तारखा लांबवणं त्यांना आपल्या पोळी लाटण्याएवढं सोपं. लांबू द्या. मी प्रत्येक तारखेला जाणार, डबा घेऊन. लोक म्हणतात, म्हातारं माणूस आहे, देव बघेल. नको. देवानं मध्ये पडू नये. उलट मी रोज देवाला सांगते, त्यांना जगव. धडधाकट ठेव. माझी साक्ष संपेपर्यंत त्यांचा श्वास, त्यांची शुद्ध, काही जाऊ नये.

साक्षीला उभी राहिले की आधी न्यायाधीशांना सांगणार, काकांच्या कानातलं मशीन चालू आहे ना, ते बघून घ्या.

मग सुरुवात करणार. गोठ्यापासून.