निर्व्यसनी बन्सीधरची अफू

मानवतच्या बसस्टँडजवळ बन्सीधरचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. त्या भागातल्या कितीतरी मुली त्याच्या पेटीत लुगडी घालून सासरी गेल्या. पेटी मजबूत असायची, झाकण घट्ट बसायचं, वर गुलाबाचं फूल रंगवलेलं असायचं. पण गाव त्याला ओळखायचं ते पेट्यांमुळे नाही. बन्सीधर निर्व्यसनी होता आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू द्यायचा नाही.

पान नाही, तंबाखू नाही, विडी नाही. चहासुद्धा नाही. लग्नात कुणी सुपारीचं तबक पुढे केलं की दोन्ही हात पाठीमागे घेऊन तो म्हणायचा, "आमच्यात चालत न्हाई." आमच्यात म्हणजे तो एकटाच, कारण त्याची बायको कस्तुराबाई मिश्री लावायची आणि त्याचा बाप चिलीम ओढता ओढताच गेला होता. गिऱ्हाईक पेटीचा भाव विचारायला आलं आणि त्याच्या तोंडात तंबाखू दिसली, तर भावाच्या आधी त्याला प्रवचन ऐकावं लागायचं. बरेच जण भाव न विचारताच जायचे.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. उन्हाळ्यात गावात डॉक्टर सत्यशीला आल्या. पोखर्णीच्या एका बौद्ध मास्तरांची ही मुलगी डॉक्टर झाली होती आणि आता अफूच्या व्यसनावरच्या उपचारावर संशोधन करत होती. आपल्या भागात जुनी अफू खाणारी माणसं पुष्कळ. कुणाला कंबरदुखीवर कधीकाळी हकिमानं दिलेली, कुणाला थंडीत राखणीला जाताना लागलेली. एकदम बंद केली की माणूस तडफडतो आणि पुन्हा खातो. म्हणून बाईंनी ठरवलं होतं, अफूचा अर्क पाण्यातून द्यायचा आणि रोज थेंब कमी करत न्यायचा. एक शिबिर मानवतला, एक पालमला. औषध तेच, पद्धत तीच.

मानवतचं शिबिर मोंढ्यामागच्या, म्हणजे बाजारपेठेमागच्या, कापसाच्या रिकाम्या गोदामात भरलं. अफू खाणारे बरेच जमले. त्यात मोठे शेतकरी तात्याराव होते आणि ट्रक चालवणारे माणिकराव होते. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. तुलनेसाठी बाईंना एक असा माणूस हवा होता, ज्याला कसलंच व्यसन नाही. तो सगळ्यांबरोबर राहणार, तेच जेवणार, आणि त्याची झोप, नाडी, भूक रोज तपासली जाणार.

असा माणूस शोधायला मोंढ्यात माणसं फिरली. एक जण आला, तो तपकीर ओढायचा. दुसरा म्हणाला, मला काहीच नाही, आणि बोलता बोलता त्यानं खिडकीतून पिंक टाकली. शेवटी सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "बन्सीधरला न्या." त्यात कौतुक किती आणि पंधरा-वीस दिवस त्याच्यापासून सुटका मिळेल ही आशा किती, ते सांगता यायचं नाही.

बन्सीधर दुकानाला कुलूप लावून, धुतलेलं धोतर नेसून गोदामात आला. बाईंनी कामाचं स्वरूप समजावल्यावर तो सगळ्यांकडे वळून म्हणाला, "बघा, माझ्याकडं बघून शिका. सरकारनं मला नमुना म्हणून ठिवलंय."

"नमुनाच हाय," तात्याराव म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

पहिल्या दिवशी सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवसापासून अफूवाल्यांना त्रास सुरू झाला. नाक गळायला लागलं, डोळ्यांतून पाणी, शिंकांवर शिंका, जांभयांवर जांभया. थेंब कमी होताना असं होतं, हे बाईंना ठाऊकच होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की बन्सीधरही शिंकायला लागेल.

एकदा सुरू झाला तो थांबेचना. गोदामाच्या कानाकोपऱ्यात जुन्या कापसाचा भुगा साचलेला. वारा आला की तो उडायचा आणि थेट बन्सीधरच्या नाकात जायचा. समोर माणिकराव जबडा फाडून जांभई देत असले की यालाही जांभई यायची. माणिकरावांची जांभई अशी होती की बाहेरचा बैलसुद्धा थांबून बघायचा. तात्यारावांच्या कण्हण्यानं बन्सीधरची झोप उडाली. भरीस भर, कुणाच्या तरी नातेवाइकानं शिबिराला आमरस पाठवला. आजाऱ्यांना भूक नव्हती. वाया कशाला घालवायचा म्हणून बन्सीधरनं एकट्यानं तो संपवला आणि दुसऱ्या दिवशी तांब्या घेऊन त्याच्या खेपा सुरू झाल्या.

नाक, डोळे, शिंका, जांभया, झोप नाही, पोट बिघडलेलं. बाईंनी नाडी धरली. तीही धावत होती, कारण तो नुकताच माणिकरावांशी भांडून आला होता. बाई त्याच्या खाटेशेजारी बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बन्सीधरभाऊ, खरं सांगा. इथं तुम्हाला कुणी हसणार नाही. किती वर्षांपासून खाता?"

"काय?"

"अफू."

बन्सीधर ताडकन उठला. "बाई! मी च्या बी पीत न्हाई!"

"पहिल्यांदा सगळे असंच म्हणतात."

"म्या बी असंच म्हणलो हुतो," पलीकडून तात्याराव म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं होतं. "लाजू नका बन्सीधर. आपलेच लोक हायत समदे."

बन्सीधर रागानं काही बोलणार, तेवढ्यात त्याला शिंक आली.

"बघा," माणिकराव म्हणाले. "तलफ बोलायलीय."

नेमकी त्याच वेळी कस्तुराबाई डबा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. डबा तिथंच ठेवला आणि तडक घरी गेली. घरी जाऊन तिनं धान्याची मडकी उपसली, वाकळा झटकल्या, देवाच्या कोनाड्यात हात घातला, मग दुकान उघडून सगळ्या पेट्या पालथ्या केल्या. हत्यारांच्या खोक्यात चिंधीत बांधलेला एक काळपट खडा सापडला. तो मुठीत धरून ती परत आली ती मोंढ्यातून मोठ्यानं बोलतच.

"एवढी वर्सं मला मिश्रीवरून बोलायलाव, आन् हे काय हाय? हे काय हाय म्हणते मी?"

"अगं, राळ हाय ती!" बन्सीधर ओरडला. "पत्र्याला डाग देऊन सांधा जोडायला लागती!"

बाई खडा हातात घ्यायला पुढे झाल्या. पण त्यांच्या आधी तात्याराव पुढे झाले. बिचाऱ्यांचे त्या दिवशीचे थेंब फारच कमी झाले होते. कस्तुराबाईच्या हातातला खडा त्यांनी उचलला आणि कुणी काही म्हणायच्या आत तोंडात टाकून कचकन चावला.

क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर मोठी आशा होती. मग ती गेली. त्यांनी तोंड उघडायचा प्रयत्न केला, तर ते उघडेना. वरचे दात खालच्या दातांना चिकटून बसले होते. दुपारपर्यंत कोमट पाणी आणि गोडं तेल चालू होतं, आणि तात्याराव नुसते डोळ्यांनी शिव्या देत होते.

"पटलं का आता? राळ हाय," बन्सीधर म्हणाला.

"पटलं," कस्तुराबाई म्हणाली. "मंग खरी कुटं लपिवली?"

संध्याकाळी बाई आपलं टिपण लिहायला बसल्या आणि त्यांनाच शिंक आली. मग दुसरी, मग तिसरी. कंपाउंडरही शिंकत होता. निरोप घेऊन आलेला शिपाई दारातच शिंकला. बाईंनी मान वर केली, छताजवळ तरंगणारा कापूस पाहिला आणि कपाळावर हात मारला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सगळ्यांच्या खाटा बाहेर कडुलिंबाखाली नेल्या. बन्सीधरच्या शिंका थांबल्या, आमरसाचा परिणामही उतरला आणि नाडी ताळ्यावर आली. बाईंनी त्याची मनापासून माफी मागितली.

पण गावाला आपलं उत्तर मिळालं होतं. "बन्सीधरला औषध लागू पडलं," लोक म्हणाले. "बाईच्या हाताला गुण हाय."

शिबिर संपलं. बन्सीधर दुकानात बसला, तर प्रत्येक गिऱ्हाईक तब्येत विचारायचं. ज्यांना त्यानं वर्षानुवर्षं प्रवचनं दिली होती, ते आता त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "हिंमत लय केली हो तुमी." तो जितका नाही म्हणायचा तितके ते मायेनं मान हलवायचे. रात्रंदिवस त्याच्या जिवाला तेच लागून राहिलं. त्याला आयुष्यात एकच गोष्ट कमावता आली होती आणि तीच गेली होती.

शेवटी त्याला एक मार्ग सुचला. शिबिरातल्या माणसांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी मोंढ्यात उभं राहून सांगायचं की बन्सीधर तिथं नमुना म्हणून होता. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तो त्यांच्या घरी जायला लागला.

"तात्याराव, चला. साक्ष द्या."

"देतो की. उद्या देतो. आज बसा जरा."

तात्यारावांना घाई नव्हती. अफू सुटल्यापासून त्यांचे जुने सोबती फिरकत नव्हते. ज्या ओट्यावर त्यांचा सगळा दिवस जायचा, तिथं आता त्यांना जाता येत नव्हतं. दिवस खायला उठायचा. हा एक माणूस सकाळी सकाळी येऊन तावातावानं भांडायचा, तेवढंच बरं वाटायचं. साक्ष दिली तर उद्यापासून हा कशाला येईल? म्हणून उद्याचं परवावर जायचं.

माणिकरावांकडे एक दिवस वेगळंच घडलं. बन्सीधर गेला तर ते भिंतीला टेकून बसलेले, डोळे अर्धे मिटलेले, माशी नाकावर बसली तरी हलेनात.

"खाल्ली?" बन्सीधर किंचाळला.

"उलीशी."

"उलीशी? अहो, अफू खाऊन साक्ष द्याल तर कोन मानंल? लोक म्हणतील, एका अफूबाजासाठी दुसरा अफूबाज बोलायलाय! माझी इज्जत तुमच्या तोंडावर हाय आन् तुमी त्या तोंडात अफू घालायलाव?"

त्यानं माणिकरावांना दंडाला धरून उठवलं आणि भर गल्लीतून दवाखान्यात नेलं. दोन्ही बाजूंनी बायका बघत होत्या. तेव्हापासून तो रोज प्रत्येकाचे डोळे उजेडात धरून बघायला लागला. ज्याचे डोळे जड दिसतील, त्याची वरात दवाखान्यात. साक्षीदार शुद्धीत पाहिजे, एवढाच त्याचा हिशेब. लोक त्याला घाबरायला लागले. माणिकरावांची बायको तर नवऱ्याला सांगायची, "खा की. सकाळी त्यो येतोयच."

पुढच्या उन्हाळ्यात सत्यशीलाबाई पाहणीला आल्या. आधी त्या पालमला गेल्या होत्या. तिथले बहुतेक जण पुन्हा अफूवर गेले होते. उतरल्या मनानं त्या मानवतला उतरल्या आणि इथं बघतात तर जवळजवळ सगळे टिकलेले. तात्याराव तर चांगले गुटगुटीत झाले होते.

"औषध तेच होतं," बाई म्हणाल्या. "मग फरक कशाचा पडला?"

"ह्यो माणूस, बाई," तात्यारावांनी बन्सीधरकडे बोट दाखवलं. "थंडी न्हाई, पाऊस न्हाई, रोज येऊन छळायलाय. ह्याच्या तोंडाला लागण्यापरीस अफू सोडलेली बरी."

बाई हसायला लागल्या, पण हसता हसता थांबल्या. त्यांनी घरोघर जाऊन विचारलं. प्रत्येकानं कपाळाला आठ्या घालत तेच सांगितलं आणि प्रत्येकाच्या बोलण्यात थोडं कौतुकही होतं. एकदा बन्सीधर तापानं पडला, तेव्हा चार जण त्याच्या उशाशी जाऊन बसले होते, हेही कळलं. थेंब संपले की औषध संपतं; आपलं काम तिथं संपायला नको होतं, हे बाईंच्या ध्यानात आलं. पालमला थेंबांनंतर कुणीच दार वाजवलं नव्हतं.

बाई बन्सीधरच्या दुकानी आल्या. "बन्सीधरभाऊ, पालमला पुन्हा शिबिर घेते. तिथंही असं जाणारं कुणीतरी पाहिजे. सुरुवात तुम्ही करून द्याल का?"

"देतो. पण आधी मोंढ्यात सांगा की म्या कधी खाल्ली न्हाई."

बाजाराच्या दिवशी बाई खरोखर मोंढ्यात एका गाडीवर उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात सगळं सांगितलं. कापूस, शिंका, आमरस, राळ. लोकांनी शांतपणे ऐकलं. बाई उतरल्यावर एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "लय भल्या हायत डाक्टरीणबाई. पेशंटची इज्जत कशी राखायल्यात बघा."

बन्सीधर एसटीनं पालमला गेला. पहिल्याच घरी दार उघडणाऱ्या बाईनं त्याला आत घेतलं. तिचा नवरा कोपऱ्यात तोंड फिरवून, घोंगडं ओढून बसला होता. सोडलेली अफू पुन्हा धरल्याची शरम त्याच्या पाठीतसुद्धा दिसत होती.

"पाहुणे आलेत मानवतचे," ती नवऱ्याला म्हणाली, मग तिनं बन्सीधरला विचारलं, "तुमी बी खात होता म्हणं?"

बन्सीधरनं तोंड उघडलं. नेहमीचं वाक्य अगदी ओठावर आलं होतं. त्यानं त्या पाठीकडे पाहिलं, आणि घोंगड्यातला माणूस कान देऊन ऐकतोय हे त्याला कळलं.

"व्हय," तो म्हणाला. "लय खायचो."

घोंगडं हललं. त्या माणसानं मान वळवली आणि खाटेवर थोडी जागा केली. बन्सीधर बसला आणि पायांत कसे गोळे यायचे, नाक कसं गळायचं, लोक कसे बोलायचे, ते सगळं त्यानं इतकं रंगवून सांगितलं की त्या माणसाच्या बायकोच्या डोळ्याला पदर लागला. तो माणूस पुढच्या शिबिरात स्वतःच्या पायांनी आला.

बन्सीधरनं दिलेल्या कबुलीची बातमी त्याच्या आधीच्या एसटीनं मानवतला पोचली. तो घरी आला तेव्हा कस्तुराबाई चार बायकांना घेऊन ओसरीवर बसली होती. "शेवटी कबूल केलंच," ती त्यांना सांगत होती. "मी कसं कसं करून सोडिवलं, ते माझं मला ठावं." पुढे पुष्कळ वर्षं, कुणाच्या घरी कुणी अफूच्या नादी लागलं की नवरा बन्सीधरला बोलवायचा आणि बायको कस्तुराबाईला. दोघं मिळून जायची. वाटेत भांडत जायची, पण जायची.