ज्येष्ठा नक्षत्राची सून

माझा बाप त्या तापातनं उठला न्हाई, हे आदीच सांगते. गोष्ट त्याची न्हाईच, माझ्या चुलतीची हाय. औंढ्याच्या आमच्या घरातली धाकटी सून, धोंडाबाई.

लग्नानंतर आजीला, बयाबाईला, कळलं की ही ज्येष्ठा नक्षत्रावर जन्मलेली. अशी बाई थोरल्या दिराला खाते म्हणत्यात. थोरला दीर म्हंजे माझा बाप, कोंडाजी. झालं! उन्हाळा आला की दिवेलागणीनंतर आजी अंगणात उभी ऱ्हाऊन ज्येष्ठेच्या तांबड्या ताऱ्यावर नजर ठेवायची. आज मिणमिणतोय, आज भडकलाय, आन् मग काकीवर तोंड सोडायची.

काकी काय गप बसणारी? "त्याच्या घरचं तेल संपलं असंल, आत्याबाई. मी काय करू?"

तुंगार्लीला एका पारशी म्हाताऱ्याच्या बंगल्यावर ती दूध घालायची. त्याच्याकडं दुर्बीण होती. तिनं त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "तो तारा कमी-जास्त होतो असा मला संशय आहे, बाई. खात्री नाही."

त्या वैशाखात बाप तापानं पडला. आजीनं काकीला माहेरी घालवायला गाडी जुंपायला लावली. चुलत्यानं मुकाट बैलं आणली. मला अजून त्याचा राग येतो. काकी उंबऱ्यात बसली.

"दुर्बीणवाला संशयावर ताऱ्याला नावं ठेवत न्हाई, आन् तुमी संशयावर मला घालवता? न्हाई जायची."

त्याच आठवड्यात बाप गेला. आजी म्हणाली, दहावा झाला की हिला हाकलायची.

दहाव्याला इंद्रायणीकाठी पिंड मांडला. कावळं झाडावर बसलेलं, पर खाली उतरंनात. चुलत्यानं शेताचं वचन दिलं, आजीनं माझ्या लग्नाचं. न्हाई. उन्हं चढली. शेवटी काकी पुढं झाली. थोरल्या दिरासमोर ती कदी बोलली नव्हती, तशी रीतच होती. पदर मागं सारून मोठ्यानं म्हणाली, "भावजी, मी घर सोडायची न्हाई. तुमची पोर बिनआईची हाय, तिला मी वाढवीन. पटत नसंल तर नका शिवू."

कावळा उतरला आन् पिंडाला शिवला.

आजी गुडघ्यावर हात टेकून उठली. ताऱ्याचं खरं मानलं, आता कावळ्याचं खोटं कसं म्हणणार? "चला घरी," ती म्हणाली. काकीनं माझा हात धरला आन् सगळ्यांच्या म्होरं चालाय लागली.