पुढची आडवी पट्टी

आमचे हे सुतार. सगळे यांना मिस्त्री म्हणतात, आणि हात सोन्याचा आहे यात वाद नाही. यांच्या टेबलात शोधूनही खिळा सापडणार नाही. लाकडात लाकूड बसवायचं आणि वर सरस. काम संपलं की कानावरची पेन्सिल काढून खालच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशी, तारीख घालतात. कान फक्त पेन्सिल ठेवायला. ऐकायचं काम त्यांच्याकडे नाही.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी माझ्यासाठी कपाट केलं. मी म्हटलं, दारातून जाईल ना? "तुला काय कळतं?" कपाट दारात अडकलं, तेव्हा यांनी दाराची चौकट कापली. कपाटाला ओरखडा नाही! गेली तीस वर्षं त्या दाराला कडी लागत नाही.

हे सगळं आठवायचं कारण होडी. माझ्या वडिलांची, शिडाची, जेमतेम दोन माणसं बसतील एवढी. त्यांनी सुकाणू माझ्या हातात दिलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. धाकटा भाऊ काठावर उभा राहून रडायचा. वडील गेल्यावर होडी त्याच्याच अंगणात ट्रेलरवर धूळ खात पडली, आणि आता त्याने तो ट्रेलर विकला.

"ताई, माणूस पुढच्या रविवारी पाचला ट्रेलर न्यायला येणार," तो म्हणाला. "तोवर उतरवलीस तर होडी तुझी. नाहीतर तो तशीच नेईल आणि मोडीत घालेल."

वडिलांच्या होडीचं सरपण! मी त्याच दिवशी ट्रेलर आमच्या अंगणात आणवला.

होडी ठेवायला लाकडाची घोडी हवी, ती यांनी करायला घेतली. युक्ती चांगली होती. होडी ट्रेलरवर असतानाच भोवती घोडी उभी करायची, मग चाकांची हवा सोडायची. ट्रेलर खाली बसला की होडी घोडीवर टेकणार आणि ट्रेलर पुढे ओढून काढायचा. यांनी चार पाय उभे केले, होडीच्या पोटाला बेतून दोन आधार तासले, आणि पाय फाकू नयेत म्हणून खाली चारही बाजूंनी पट्ट्या जोडल्या. पुढची पट्टी बसवत होते तेव्हा मी चहा घेऊन गेले.

"अहो, पुढूनही पट्टी लावलीत. मग ट्रेलर निघणार कुठून?"

"चहा ठेव आणि जा. कामाच्या वेळी डोकं खाऊ नकोस."

मी चहा ठेवला आणि गेले. त्याबद्दल मला अजून माझाच राग येतो.

रविवारी तीनला हवा सोडली. होडी घोडीवर अशी टेकली की आवाजसुद्धा नाही. यांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. मग यांनी आणि मदतीला आलेल्या भावाने ट्रेलरची दांडी धरून ओढली. ट्रेलर वीतभर आला आणि चाकं पुढच्या पट्टीवर आदळली. पुन्हा ओढला, पुन्हा आदळली. तिसऱ्यांदा हे म्हणाले, "चाक वाकडं आहे."

नाचता येईना, अंगण वाकडं. आणि अंगणात पिंजरा यांनीच बांधलेला!

"चाकं खोलू या का, दाजी?" भावाने विचारलं.

"चाकं काढली तरी मधला आस पट्टीला अडेल की. ट्रेलरच मधोमध कापू."

"अहो, तो विकलाय!" मी म्हटलं.

"मग पुन्हा हवा भर, फुगलेली चाकं पट्टीवरून चढतील. होडी जाऊ दे. मी दुसरी बांधून देईन हिला, याहून चांगली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दाराची चौकट कापली, ट्रेलर कापायला निघाले, माझ्या वडिलांची होडी मोडीत घालायला तयार, पण स्वतःचा सांधा कापायचं नाव नाही. चार वाजून गेले होते. मी अंगणाच्या कडेचे मोठे दगड आणून पुढच्या दोन्ही पायांना बाहेरून टेकवले, म्हणजे ते फाकणार नाहीत. मग करवत उचलली.

"माझा सांधा आहे तो!" हे ओरडले.

"माझी होडी आहे ही."

मी दोन्ही टोकांना कापलं. करवत वेडीवाकडी गेली, घाम डोळ्यांत उतरला, पण पट्टी खाली पडली. ट्रेलर निमूट बाहेर आला. होडी जागची हलली नाही. पाचला तो माणूस आला आणि चाकांत हवा भरून रिकामा ट्रेलर घेऊन गेला.

मग यांनी तीच पट्टी लोखंडी प्लेट आणि बोल्ट लावून पुन्हा बसवली. हात झटकत भावाला म्हणाले, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, पुढची पट्टी सुटी होणारीच हवी."

भाऊ जमिनीकडे बघायला लागला. हे खाली वाकून तारीख घालणार, तेवढ्यात मी यांच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली. त्या पट्टीवर, समोरच्या बाजूला, रस्त्यावरून दिसेल अशा अक्षरांत लिहिलं: "ट्रेलर निघणार कुठून?" आणि खाली तारीख घातली. आजची नाही, चहा घेऊन गेले होते त्या दिवसाची.