रोजनाम्यातली दोन पाने

सन १९७४. चैत्रातला पहिला सोमवार : शहराच्या आरोग्य खात्यास माझे पहिले पत्र. पोच नाही. चैत्र वद्य एकादशी : दुसरे पत्र, सोबत पहिल्याची नक्कल. पोच नाही. वैशाखाच्या आरंभी तिसरे, रजिस्टर्ड. पोच आली, उत्तर नाही. अक्षय्य तृतीयेनंतर एका स्थानिक वर्तमानपत्राच्या संपादकांस पत्र. ते छापले गेले, पण शेवटची चार वाक्ये कापून. आषाढ अमावास्या : गल्लीची बैठक.

जबाबदार व्यक्ती : एक, सिद्राम गवळी, आमच्याकडे दुधाचा रतीब घालणारा. दोन, आरोग्य खात्यातला तो अधिकारी, ज्याला पत्राचे उत्तर देण्याची सवय नव्हती. तीन, ते संपादक. चार, शेजारच्या लक्ष्मक्का, ज्यांनी आम्हाला न विचारता आमच्या मांजराला खाऊ घातले.

ही यादी मी त्याच वर्षी केली आणि पाच वर्षे जपून ठेवली. तिच्यात एक नाव कमी आहे. ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, बाररूममधल्या जुन्या स्नेह्यांना नाही, आणि रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन बसतो तेव्हा तिथेही नाही. तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका अर्थी बरे आहे.

मी सोलापूरच्या कोर्टात छत्तीस वर्षे नोकरी केली आणि शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. स्वभाव तापट. नळाला पाणी वेळेवर आले नाही की पत्र, एसटी थांब्यावर थांबली नाही की पत्र. गल्लीतले लोक मागे हसत, आणि अडचण आली की अर्ज लिहून घ्यायला माझ्याच ओट्यावर येत. लेखी जे आहे तेच खरे, असे मी त्यांना सांगत असे. माझाही त्यावर विश्वास होता — म्हणजे, होता असे मला वाटे.

मांजर माझ्या पत्नीचे. आम्हाला मूल नाही, एवढे सांगून पुढे जातो. पत्नीचे माहेर अक्कलकोटच्या पलीकडचे, घरात कानडी. तिने मांजरीचे नाव बेळ्ळी ठेवले. बेळ्ळी म्हणजे चांदी. रंग तसाच होता, आणि नखरेही तसेच. शिळे चालत नसे, गरम चालत नसे, पितळेच्या वाटीतले चालत नसे. त्यात पोट इतके नाजूक, की जे मोठ्या मनधरणीने खाई ते तासाभरात ओकून टाकी.

आम्ही लिंगायत; आमच्या घरात अंडेसुद्धा उंबरा ओलांडत नाही. तेव्हा मांजराने काय खायचे, हा प्रश्नच आम्हाला कधी पडला नव्हता. मांजराने दूध प्यायचे. लहानपणापासून तेच ऐकले, तेच पाहिले. त्यामुळे बेळ्ळी आजारी पडू लागली तेव्हा दूध बंद करावे असे आमच्या मनातही आले नाही. आम्ही दूध वाढवले. दुधात भाकरी कुस्करली, दूधभात केला, दुधात साबुदाणा शिजवला, सायीत साखर घातली. पोट फारच बिघडले त्या दिवशी पत्नीने आटवलेले दूध दिले, अंगी लागावे म्हणून. मांजर रोड होत गेले. पाठीचा कणा हाताला लागू लागला. पत्नी त्याला मांडीवर घेऊन बसे आणि जेवायला उठत नसे.

मग मी रोजनामा लिहायला घेतला. कोर्टात प्रत्येक तारखेला खटल्यात काय घडले त्याची नोंद होते, तिला रोजनामा म्हणतात. मी जाड कागदाची वही शिवली, पानांवर क्रमांक घातले आणि रोज लिहू लागलो : काय दिले, किती खाल्ले, किती वेळाने ओकले, शौचास कसे झाले. तुम्ही हसाल. हसा. तो माझ्या हातचा सर्वांत स्वच्छ दस्तऐवज होता.

पंधरा दिवसांत माझा निष्कर्ष निघाला — दुधात भेसळ. दुसरे काय असणार?

सिद्राम मोहोळच्या बाजूच्या एका खेड्यातून सकाळच्या गाडीने किटल्या घेऊन यायचा. बारा वर्षे आमच्याकडे त्याचाच रतीब. मी त्याला ओट्यावर उभे करून विचारले. तो म्हणाला, भेसळ असंल तर माणसांच्या पोटात काय होत न्हाय, मांजराच्याच पोटात कसं होतंय? मी म्हणालो, उलट प्रश्न करू नकोस. त्या दिवसापासून पत्रे सुरू झाली. पत्नी आतून एवढेच म्हणाली, “सिद्राम असं करील असं वाटत नाही हो मला.” वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत, असे मी तिला ऐकवले.

आता त्या दोन पानांपाशी येतो. इतका वेळ मी त्यांच्याभोवती फिरतो आहे, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

वैशाखाच्या अखेरीस सिद्राम बहिणीच्या लग्नासाठी चार दिवस आला नाही. त्या चार दिवसांत आम्ही दूध सरकारी केंद्रावरून आणले, सीलबंद बाटलीतले. चारही दिवस बेळ्ळी ओकली. मी ते लिहिले. रोजनाम्यात लिहिलेच पाहिजे. ते पान सव्वीस.

ज्येष्ठ लागताच बेळ्ळीने घरच्या दुधाला तोंड लावणे सोडले. दुपारी नाहीशी व्हायची, तिन्हीसांजेला यायची. आम्ही ती जाणार असे समजून चाललो होतो. पण ती ओकत नव्हती. आठ दिवस नाही. अंगावर मांस चढू लागले, केस चकाकू लागले. तेही मी लिहिले, कारण न समजता. ते पान सत्तावीस.

कारण लक्ष्मक्कांनी सांगितले. मागच्या भिंतीपलीकडे त्यांचे घर. नवरा आणि दीर हातमागावर चादरी विणतात, दिवसभर धोट्याचा आवाज येतो. त्या भिंतीपाशी उभ्या राहून अगदी सहज म्हणाल्या, “अप्पा, दुधानंच तिचं पोट बिघडतंय की. मी सुकटभात घालते, ते बघा कसं पचतंय.”

सुकट. वाळलेली मासळी. माझ्या पत्नीच्या मांडीवर बसणारी बेळ्ळी.

मी त्यांना विनंती केली की हे कोणाला कळू देऊ नका. त्या म्हणाल्या, “मी कशाला सांगू? पण त्या गवळ्याचं काय?”

मी म्हणालो, “ती बाब वेगळी आहे.”

ती बाब वेगळी नव्हती. ती तीच बाब होती. मला तिथेच, भिंतीपाशी, सगळे समजले होते. छत्तीस वर्षे मी साक्षी ऐकल्या होत्या. पान सव्वीस आणि पान सत्तावीस शेजारी ठेवली तर कोणताही न्यायाधीश पाच मिनिटांत सिद्रामला सोडील, हे मला माहीत होते. मग मी काय केले?

माझे पत्र तोवर छापून आले होते. गल्लीत त्याच्यावर चर्चा होती. लोक मला थांबवून विचारत, अप्पा, पुढे काय? पत्र मागे घ्यायचे तर कारण द्यावे लागणार. कारण दिले तर आमच्या घरातले मांजर मासळी खाते, हे मठापर्यंत जाणार. आणि त्याहून मोठी गोष्ट — माझे चुकले, हे लेखी द्यावे लागणार. मी आयुष्यात तसे कधी दिले नव्हते.

फायली शिवण्यात माझा हात बसलेला आहे. भर दुपारी, पत्नी झोपली असताना, मी वहीची शिवण उसवली, ती दोन पाने काढली, पुढच्या कोऱ्या पानांचे क्रमांक खरवडून नव्याने घातले आणि जुन्याच दोऱ्याने पुन्हा शिवले. काम चांगले झाले. कोणाला ओळखू आले नसते. असे करणाऱ्या एका कारकुनाला मी स्वतः रिपोर्ट करून निलंबित करवले होते. हे मला तेव्हा आठवले का? आठवले. हात थांबला नाही.

आषाढ अमावास्येला देवळापुढच्या कट्ट्यावर बैठक भरली. मी रोजनामा वाचून दाखवला, पान एक ते शेवट. सिद्राम खाली बसला होता, डोक्याचे मुंडासे काढून मांडीवर ठेवलेले. वाचन संपल्यावर तो उठला.

“पानी घातलं असंल तर माज्या म्हशी आटतील. बेलभंडार आना. आत्ता हितं उचलतो.”

आमच्याकडे हा शेवटचा निवाडा. बेलाचे पान आणि भंडारा हातात घेऊन जो बोलतो त्याच्यापुढे कोणी बोलत नाही. दोघेतिघे देवळाकडे वळलेसुद्धा. मी त्यांना थांबवले. शपथ हा पुरावा नव्हे, म्हणालो. लेखी पुरावा समोर असताना शपथेचे कारण नाही. कायद्याचे दोन शब्द वापरले. लोक थांबले.

सिद्राम माझ्याकडे वळला. रागाने नाही. मग म्हणाला, “मंग तुमी उचला की, अप्पा.”

भंडाऱ्याची वाटी कोणीतरी आणली होती. ती माझ्यापासून दोन हातांवर होती. मी म्हणालो, मी जे सांगायचे ते लिहून दिले आहे.

तेवढे पुरले. दुसऱ्या सकाळपासून गल्लीतल्या एकाही घराने त्याचे दूध घेतले नाही. छापील पत्र इतर गल्ल्यांतही पोचले होते. महिनाभर तो किटल्या घेऊन स्टेशनाकडून येताना दिसे, भरलेल्या तशाच परत नेताना दिसे. मग दिसेनासा झाला. म्हशी विकल्या, असे कानावर आले. मी काही विचारले नाही.

लक्ष्मक्का रोज दुपारी सुकटभाताची वाटी भिंतीवर ठेवत राहिल्या. मांजरासाठी. माझ्याशी मात्र बैठकीच्या दिवसापासून एक शब्द बोलल्या नाहीत. नव्या गवळ्याचे दूध बेळ्ळीला मानवले, असे मी पत्नीला सांगितले. बेळ्ळी त्याआधीच सुधारली होती, हे तिला दिसले असणार; तरी तिने ते मान्य केले. गेल्या वर्षी ती वारली.

त्यानंतर एका लग्नाला जाताना एसटी टेंभुर्णीला थांबली. स्टँडसमोरच्या हॉटेलात भट्टीपाशी सिद्राम होता, दुसऱ्याच्या पातेल्यात दुसऱ्याचे दूध उकळत. मी वळणार होतो. त्याने हाक मारली, बाकडे फडक्याने पुसले, चहा आणून ठेवला. नंतर विचारले, “मांजर जगलं का, अप्पा?”

“जगलं.”

“मंग झालं की,” तो म्हणाला आणि भट्टीकडे गेला.

मी चहा प्यायलो. सगळा. कंडक्टरने घंटी दिली, मी बसमध्ये जाऊन बसलो. सांगण्यासाठी तिथे मला पुरेसा वेळ होता. त्या घटकेला मला काहीच वाटले नाही, आणि लिहिताना आताही वाटत नाही. हे मी सौम्य करून लिहीत नाही.

ती दोन पाने मी नष्ट केली नव्हती. कोर्टातल्या माणसाच्या हातून कागद जाळला जात नाही. ती या मजकुरासोबत जोडली आहेत, मूळ क्रमांकांसह. ज्या वर्तमानपत्राने माझे पत्र छापले, त्याच्याच संपादकांकडे हे पाठवतो आहे. या वेळी एकही वाक्य कापू नये.

वरच्या यादीतली चारही नावे मी खोडली आहेत. पाचवे लिहिले आहे. त्या पाचव्या इसमाने येत्या अमावास्येला, त्याच कट्ट्यावर, त्याच लोकांसमोर, बेलभंडार हातात घेऊन एका प्रश्नाचे जाहीर उत्तर द्यावे, अशी माझी मागणी आहे. प्रश्न असा : सिद्राम गवळ्याच्या दुधात पाणी होते काय?

त्या इसमाला मी ओळखतो. तो पुन्हा लेखी उत्तराच्या आड लपेल. म्हणून लेखी उत्तर आधीच देऊन ठेवतो.

नव्हते. आणि बैठकीला जाताना मला ते माहीत होते.